सहा टोपली माती

आमच्या तलावाचा काठ पडायचा तेव्हा फार मोठा आवाज होत नसे. भिजलेलं पोतं कुणी अंगणात टाकावं तसा एक जड धप्पकन आवाज, आणि मग थोडा वेळ पाण्याची चुळबुळ. पण तेवढ्यानं आमच्या घरातलं जेवणारं माणूस घास हातात धरून थांबायचं. आमचं घर गावात नव्हतं, तलावाच्या वरच्या अंगाला, शेतातच होतं. पश्चिमेचा वारा सुटला की सगळ्या लाटा आमच्याच बाजूला येऊन आपटत. काठ पडला की माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, ताटावरून उठून दाराशी जात आणि ओरडत, "गेलं! आजून हातभर गेलं!" ते कुणाला ऐकवायचं असे, हे निराळं सांगायला नको. मधल्या भिंतीपलीकडे आम्हीच राहत होतो.

घर एक आणि चुली दोन. छप्पर, अंगण, न्हाणी, सगळं सामाईक, फक्त माणसं वाटलेली. मी चौथीत असताना मोठ्या बाबांची आणि माझ्या बाबांची बोलाचाल बंद झाली ती मी बारावीची परीक्षा देईपर्यंत बंदच होती. त्याबरोबर माझ्या मायचं आणि मोठ्या मायचंही बोलणं तुटलं. त्या दोघी जावांचं भांडण कधी झालंच नव्हतं, नवऱ्यांचं झालं म्हणून यांनी गप्प बसायचं, अशी ती रीत. तरी मायला भिंतीपलीकडचं सगळं कळायचं. पलीकडे पाट्यावर ठेचा रगडला जायला लागला की ती म्हणायची, "आज जीव जाग्यावर नाई तिचा, दगड पाह्य कसा आपटून राह्यली." कढीला फोडणी बसली की तिचा हात थांबायचा. मोठ्या मायच्या हातच्या फुणक्यांच्या, म्हणजे वाफवलेल्या डाळीच्या मुटक्यांच्या, कढीसारखी कढी मी नंतर कुठेच खाल्ली नाही, आणि ती आठ वर्षं मी फक्त वासावर काढली. हे मी आजही हसून सांगू शकत नाही.

भांडणाचं मूळ असं, की आजोबांनी वावर दोघा भावांत सरळ वाटून दिलं होतं. मधला धुरा, म्हणजे बांध, थेट तलावापर्यंत उतरत जाई आणि त्याच्या टोकाला, अगदी काठावर, एक सागाचं झाड होतं. झाडाखाली शेंदूर लावलेला दगड. तिला आम्ही 'काठावरची माय' म्हणायचो. बाबांनी आपल्या हिश्श्यात संत्र्याची झाडं लावली. संत्र्याला पाणी पाहिजे, म्हणून धुऱ्यापासून पंधरा-वीस पावलांवर त्यांनी काठ फोडून खोल नाली खणली आणि तलावावर मोटार बसवली. त्याच पावसाळ्यात मोठ्या बाबांच्या बाजूचा काठ तुरीच्या ओळीसकट पाण्यात बसला. "तुह्या नालीनं माह्या वावराचं पोट फाडलं," असं ते म्हणाले. बाबांचं म्हणणं, तलाव आपल्या जन्माआधीपासून काठ खातोय, नालीचा काय संबंध. दोघेही आपापल्या जागी खरे वाटायचे आणि दोघांकडेही पुरावा नव्हता. आमच्या घराण्यात पुराव्यावाचून आवाज चढवायची कला मात्र पिढीजात आहे. ती मलाही मिळाली आहे, माझ्या शाळेतल्या पोरांना विचारा.

बारावीची परीक्षा देऊन मी घरी बसले त्या उन्हाळ्यात शुभांगी मॅडम आल्या. नागपूरकडच्या, उंच, उन्हानं रापलेल्या, सदान्‌कदा गळ्यात भिंग अडकवलेल्या. तलावांचे काठ किती वर्षांत किती झिजले, हे त्या झाडांच्या मुळांवरून शोधत फिरत होत्या. उतरायला जवळपास सोय नव्हती, म्हणून बाबांनी आमच्याकडेच ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी भाकर आणि अंबाडीची भाजी खाताना त्यांनी मला त्यांचं काम समजावून सांगितलं. साग दरवर्षी एक कडं वाढवतो, खोडातही आणि मुळातही. पण मूळ मातीत झाकलेलं असतं तोवर त्याचं लाकूड निराळं असतं, मोठ्या छिद्रांचं, पोकळसं. माती गेली आणि मूळ उघडं पडलं की पुढची कडी खोडासारखी दाट, आवळलेली येतात. मूळ कापून चकती घासायची, बदल कुठे झाला ते पाहायचं आणि तिथपासून सालीपर्यंतची कडी मोजायची. जितकी कडी, तितकी वर्षं मूळ उघड्यावर आहे. बाबा भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा असा उजळला की मला भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट गावभर झाली होती. गावातली भांडणं मिटवणारे म्हातारे सोपानकाका दुपारी आमच्या अंगणात येऊन बसले आणि दोन्ही भावांना त्यांनी समोर बोलावलं. आठ वर्षांत पहिल्यांदा ते दोघे एका बाजेच्या दोन टोकांना बसलेले मी पाहिले. ठरलं ते असं. नाली खणून नऊ वर्षं झाली. काठ त्याच्या आधीपासून जात असेल तर मोठ्या बाबांनी हा विषय पुन्हा काढायचा नाही. नालीनंतर जायला लागला असेल तर मोठ्या बाबांची जितकी जमीन तलावात गेली तितका धुरा आमच्या बाजूला सरकवायचा. बाबा लगेच हो म्हणाले. धुरा सरकला तर संत्र्याच्या तीन ओळी जाणार होत्या, आणि त्या वर्षी झाडांना पहिला भरघोस बहार धरला होता. मॅडम मात्र कचरत होत्या. "हे माझं काम नाही हो. एका मुळावर न्याय करू नका," असं त्या दोनदा म्हणाल्या.

"त्याच झाडाचं मूळ घ्या," मोठे बाबा धुऱ्याच्या टोकाकडे बोट करून म्हणाले. "मायजवळचं झाड हाय. ते खोटं सांगनार नाई."

बाबा म्हणाले, "मंजूर."

मायनं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, आणि काठाबाहेर लोंबणारं मनगटाएवढं मूळ मॅडमनी करवतीनं कापलं. कापायच्या आधी त्यांनी वही माझ्या हातात दिली होती. झाडाचा घेर, मुळाची जमिनीपासूनची उंची, पाण्यापासूनचं अंतर, हे सगळं त्या सांगत आणि मी लिहीत असे. एक प्रश्न त्यांनी मला विचारला, कारण मी तिथलीच होते: "सुमन, या मुळांना कुणी हात लावतं का? कुणी तोडतं, माती घालतं, जनावरं बांधतं?" मी क्षणभरही विचार केला नाही. इतक्या वर्षांत त्या झाडाकडे आमच्या घरातलं कुणी फिरकलेलं मला आठवत नव्हतं. मी "नाही" म्हणाले आणि वहीतही माझ्या वळणदार अक्षरात "नाही" असं लिहिलं. माझ्या अक्षराचा मला तेव्हा फार गर्व होता.

चकती घासायला दोन दिवस लागले. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. ओसरीवर लाकडाचा पिवळसर भुसा साचायचा आणि त्याला चामड्यासारखा वास यायचा. बाबा दर अर्ध्या तासानं काहीतरी निमित्त काढून यायचे. कधी दोरी शोधायला, कधी तंबाखूची डबी. भिंतीपलीकडे मोठे बाबाही खोकून जागे असल्याचं कळवायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी भिंग लावलं, टाचणी हातात घेतली आणि मोजायला लागल्या. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होते. त्यांनी एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं, मग चकती फिरवून दुसऱ्या बाजूनं मोजलं.

"आठ," त्या म्हणाल्या.

नाली नऊ वर्षांची, उघडं पडलेलं मूळ आठ वर्षांचं. म्हणजे नाली खणली आणि पुढच्याच वर्षी काठ गेला. बाबा खांबाला टेकून उभे होते ते हळूच खाली बसले. मग म्हणाले, "झाडानं सांगतलं तं सांगतलं. माणसानं आपल्या जबानीले जागावं." माझ्या बाबांना मी त्याआधी इतक्या हळू आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि रागही. मॅडमचा राग, त्या मुळाचा राग, आणि सगळ्यात जास्त त्या भिंतीपलीकडच्या खोकल्याचा. सोपानकाकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी झाडापाशीच सगळ्यांना बोलावलं. धुरा तिथेच मोजायचा होता.

संध्याकाळी माय चुलीपुढे बसली होती. तिनं पिठाचा गोळा हातात घेतला होता आणि भाकर काही थापत नव्हती. जाळ नुसताच भडकत होता. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आमचंच चुकलं. आमी मुळं उघडी टाकली, मंग माय कोपनार नाई तं काय करन?"

"उघडी टाकली म्हणजे?"

"झाकत होतो ना आधी. दर आखाडीले."

मी तवा बाजूला सरकवला आणि तिच्यापुढे बसले. तिनं सांगितलं ते असं. या घरात सून म्हणून आलेल्या प्रत्येक बाईनं आषाढात, आखाडीच्या दिवशी, काठावरच्या मायची मुळं झाकायची. तलावातला गाळ टोपल्यानं आणायचा, मुळांवर घालायचा, चांगला दाबायचा आणि वरून शेणानं सारवून घ्यायचं. मूळ उघडं राहिलं की घरातल्या लेकरांची वाढ खुंटते, असं सासूनं सांगितलेलं. मोठी माय आणि ती, दोघी मिळून करायच्या. भांडण झालं त्याच्या पुढच्या आखाडीपासून बंद झालं. एकटीनं करायचं नसतं, दोघी सुना असतील तर दोघींनी करायचं.

माझ्या डोक्यात एकदम ऊन पडलं. मूळ आठ वर्षांपूर्वी उघडं पडलं, कारण आठ वर्षांपूर्वी माती घालणं थांबलं. काठ त्याआधी किती वर्षं जात होता, हे त्या मुळाला माहीतच नव्हतं. दर आषाढात त्याच्यावर नवं पांघरूण पडत होतं. मी ओसरीवर धावत गेले आणि मॅडमना सांगितलं. मग त्यांनी वही उघडली, माझ्या "नाही"वर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कोण सांगणार उद्या? तुझी आई?"

त्यांचं खरं होतं. मायनं सांगितलं असतं तर नवऱ्यासाठी बोलते म्हणून लोक हसले असते. साक्ष द्यायला दुसरी एकच बाई होती. माय म्हणाली, "जाऊ नको. तिले नवऱ्याच्या इरुद्ध बोलाले लावू नको, मले तिचा शाप लागन." मी गेले. अंगण ओलांडायला वीस पावलंसुद्धा लागत नाहीत, पण उंबऱ्यापाशी मी दोनदा मागे वळून पाहिलं. मोठे बाबा गावात गेले होते. मोठी माय लसूण सोलत बसली होती. आठ वर्षं मी तिला रोज पाहत होते, पण इतक्या जवळून नाही. तिचे केस पांढरे झालेले मला तेव्हा दिसले.

"काहून आली?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. मूळ, आठ कडी, आखाडीची माती. ती लसूण सोलत राहिली. मी म्हणाले, "मोठी माय, तू फक्त खरं सांग. बाबांच्या बाजूनं बोलू नको."

"आन् मंग या घरात मी राहू कशी, ते तू सांगशीन?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. थोड्या वेळानं तिनं सोललेल्या पाकळ्या एका वाटीत भरल्या आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. "तुह्या मायले दे. भाजीत लसूण कमी घालते ते. आता जाय."

सकाळी झाडापाशी तीस-चाळीस माणसं जमली होती. बाया मागे, बाभळीच्या सावलीत. पाणी खाली गेलं होतं आणि काठाच्या उभ्या मातीतून मुळं बाहेर लोंबत होती. सोपानकाकांनी दोरी आणवली होती. मॅडमनी आठचा आकडा सांगितला, आणि लगेच म्हणाल्या की मोजणी बरोबर आहे, पण मुळाची माहिती चुकीची दिली गेली. मग माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले. मी म्हणाले की मला विचारलं होतं आणि मी न आठवता "नाही" लिहिलं, चूक माझी आहे, या मुळांवर पूर्वी दरवर्षी माती घालत होते.

मोठे बाबा उसळले. "रातच्या रातीत आठवलं काय? हरले तं नवीन गोष्ट काढली! बापानं पढवून पाठवली पोरीले!" दोन-तीन लोक हसले. बाबांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "चाल घरी. जाऊ दे तीन ओळी." मी हललेच नाही. मी बाभळीकडे पाहत होते. मोठी माय तोंडाला पदर लावून उभी होती आणि तिची नजर खाली होती. सोपानकाकांनी दोरीचं टोक एकाच्या हातात दिलं. ती दोरी ताणली जाईपर्यंतचा वेळ मला आजही झोपेत कधी कधी भेटतो.

"थांबा व," मोठी माय म्हणाली.

ती बायांतून पुढे आली. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही, दगडाकडे पाहिलं. "पोरगी खरं सांगून राह्यली. आमी दोघी टाकत होतो माती." मोठे बाबा काहीतरी बोलायला गेले तशी ती त्यांच्याकडे वळली. "तुमीच इचार करा ना. काठ जात नव्हता तं आमी दर आखाडीले टोपलेच्या टोपले माती कायले टाकत होतो? मी नवी नवरी आली तई दोन टोपले पुरत होते. हे आली त्या साली चार लागले." तिनं माझ्या मायकडे बोट केलं. "आन् शेवटच्या खेपेले सहा. तई नाली कुठं होती? नाली त्याच्या मांगून झाली, श्रावनात."

मॅडमनी वहीतलं कोरं पान उघडलं आणि मोठ्या मायला, जणू ती कुणी मोठी अधिकारी आहे अशा अदबीनं, पुन्हा विचारलं, "कोणत्या साली किती, परत सांगता का?" आणि मोठी माय सांगत गेली, मधे मधे मायकडे पाहत. माय म्हणाली, "त्या साली पाच, बाई. चार नाई. सुमी पोटात होती, तुमी मले एकच उचलू देल्लं." आठ वर्षांनी त्या एकमेकींशी बोलल्या ते हे.

मग मॅडमनी तिथेच सगळ्यांसमोर दुसरं मूळ कापलं. मोठ्या बाबांच्या काठाला, झुडपांत, जिथे कुणी जात नाही आणि कुणाचा देवही नाही अशा सागाचं. घासायला वेळ नव्हता, म्हणून धारदार पात्यानं चकती तासून, ओली करून मोजली; उघड्यावरची कडी पंधरा निघाली. तिसरं कापलं ते नालीच्या अगदी तोंडाशी असलेल्या सागाचं, आणि त्या मुळानं बाबांनाही सोडलं नाही. तिथला काठ नालीनंतरच आणि भराभर गेला होता. काठ तलाव आधीपासून खात होता, नालीनं तिथे त्याचा घास मोठा केला, असं मॅडमनी दोघांना सांगितलं. धुरा जागेवरच राहिला. सोपानकाका दोरी गुंडाळत होते तेव्हा बाबा म्हणाले, "दादा, नाली बुजवतो मी."

मोठे बाबा पाण्याकडे पाहत होते. "आन् संत्र्याले पानी?"

"पाइप वरून टाकतो."

"एकट्यानं बुजन काय तुह्यानं ते," मोठे बाबा म्हणाले. "सकायी येतो मी."

त्या आषाढात दोघी जावा टोपली घेऊन काठावरच्या मायकडे गेल्या. मॅडमनी मुळं उघडी ठेवायला सांगितलं होतं, पुढे मोजायला बरं पडेल म्हणून. माय म्हणाली, झुडपातली ठेवा उघडी, हे आमचं हाय. नऊ टोपली लागली. मी काठावर बसून मोजली आणि नव्या वहीत लिहिली. मोठे बाबा आता नाहीत, बाबाही नाहीत. तलाव अजून काठ खातो, आणि तिथे राहणारा भाचा दर पावसाळ्यानंतर फोनवर फोटो पाठवतो.

ती पहिली चकती मॅडमनी जाताना मला दिली. माझ्या टेबलावर असते. शाळेतली पोरं विचारतात, मग मी त्यांना कडी मोजायला लावते, आणि हलकं लाकूड संपून दाट सुरू होतं ती रेघ दाखवते. त्यांना मी सांगते की इथे मूळ उघडं पडलं. पुढचं सांगत नाही. ती रेघ पडली त्या वर्षी आखाडीला माय एकटीच रिकामं टोपलं घेऊन अंगणात आली होती. मधल्या भिंतीकडे तोंड करून ती थोडा वेळ उभी राहिली, पलीकडून कुणी आलं नाही, आणि मग तिनं ते टोपलं कोपऱ्यात उपडं घातलं. मी तिथेच अंगणात खेळत होते. मी ते पाहिलं होतं, आणि तरीही वहीत "नाही" लिहिलं.